पासपोर्ट पद्मजाचा, परवाना कुंदाचा

‘माहेरीचं नाव, ठेव वेशीच्या दगडी
पुढं सासरचं दार, तिथं नवीच गं घडी.’

भिकूआत्याचा हा आवाज सुगंधाच्या कानात कधी उमटेल याचा नेम नसे. मिशरीनं खरवडलेला, पण सुराला पक्का. कुडाळची वेस आली होती, बैल थबकले होते, आणि आत्या गाडीची दांडी धरून तिच्या, शालूतल्या नवरीच्या, कानाशी गात होती. गाता गाता रडत होती की नुसतीच दमली होती, ते तेव्हा कळलं नाही. पुढे आत्या गेली, गाडी मोडली, बैल विकले गेले. आवाज तेवढा मागे राहिला, घागरीच्या तळाशी घोटभर पाणी राहावं तसा.

आज तो अंधेरीच्या स्वयंपाकघरात आला. सुगंधा विळीवर बसून नारळ खवत होती. खरं तर रविवारचं खोबरं धाकट्या जावेचं, पद्मजाचं. पण पद्मजाचा दंड सुजून लालबुंद झाला होता. आधी देवी टोचल्या, मागोमाग पटकीची सुई. बहारीनला जायचं तर दोन्ही हव्यातच.

“राहू दे, मी खवते,” असं सुगंधाच म्हणाली होती. आणि विळीवर बसल्यापासून तिच्या मनात एकच घोळत होतं, की हिचा दंडसुद्धा परदेशी जाणारा, आणि आपला खोबऱ्याला.

दारात चपला वाजल्या. बोरिवलीची नणंद, उत्तरा, आली होती. पिशवीत नारळ, खण, हळदीकुंकवाच्या पुड्या. धाकट्या वहिनीची ओटी भरून तिला बोटीवर घालायच्या तयारीनं आली होती ती.

“हे काय? कोणी बोलत का नाही?” तिनं पिशवी टेकली. “मी ओटी भरायला आले की सुतकाला?”

खाटेवर तिचा थोरला भाऊ, सुगंधाचा नवरा मधुकर, वर्तमानपत्रात तोंड घालून बसला होता. आतल्या दाराशी आई, शेवंतीबाई, अडकित्ता घेऊन. दोघांनीही मान वर केली नाही. पद्मजा भिंतीशी उभी होती, तिनंच तोंड उघडलं.

“वन्सं, तिथं उतरायचं तर तिथल्या इंग्रज एजंटाचा ना-हरकत परवाना लागतो. ह्यांच्या तेलकंपनीनं ह्यांच्या अर्जावरून तो काढला, आलाही. पण कुंदाच्या नावानं आलाय.”

“कुंदा? ही कुठली कुंदा?”

“मीच.”

उत्तरा खाली बसली. “अगं, मग तुला आम्ही कोण समजत होतो?”

“माहेरची मी कुंदा. इथं लग्नात पद्मजा केलं. पासपोर्ट भाऊजींनी काढून दिला, तो पद्मजा श्यामसुंदर धुरी असा. आणि ह्यांनी तिकडे अर्जात लिहिलं कुंदा श्यामसुंदर धुरी. काल तिकिटाला गेले तर तिथला माणूस म्हणाला, बाई, परवाना एकीचा, पासपोर्ट दुसरीचा, बोटीवर चढवू कोणाला?”

“श्याम्या गाढव आहे,” उत्तरा म्हणाली. “बरं मग? तिकडून बदलून मागव.”

“तोवर बोट जाईल. ज्यांच्या बायका ह्या बोटीनं येतील त्यांनाच कंपनी खोल्या देणार आहे. मी नाही गेले तर ह्यांची खोली दुसऱ्याला. हे परत बराकीत, मी इथं. आणि मग पुन्हा कधी, ते...” तिनं पदरानं नाक पुसलं. “एकच उपाय सांगितलाय. सासरचं जे माणूस नाव ठेवताना समोर होतं, त्यानं मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर लिहून द्यायचं की कुंदा ती पद्मजा. तेवढ्यानं चालतं.”

“एवढंच ना! दादा तर कोर्टातच आहे. दादा, दे की लिहून.”

मधुकरनं वर्तमानपत्राची घडी घातली. आधी उभी, मग आडवी. “शपथ म्हणजे सत्यनारायणाचा प्रसाद नव्हे उत्तरा, की आला त्याला दिला. मी रोज बघतो, खोट्या शपथेनं माणसं कशी खडी फोडायला जातात. ताटात नाव लिहिलं तेव्हा मी घरात नव्हतो. भाड्याची भांडी परत करायला गेलो होतो. जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणू?”

“अरे, पण ती तुझ्यासमोर उभी आहे धडधडीत!”

“माझ्यासमोर पद्मजा उभी आहे,” मधुकर म्हणाला. “कुंदाला मी कधी भेटलेलो नाही.”

अडकित्त्याखाली सुपारी कटकन फुटली. “माज्या घरात कुंदा म्हणान कोण इलीच नाय,” शेवंतीबाई म्हणाल्या. “इली ती पद्मजा. सुनेचा म्हायारचा नाव उंबऱ्याभायर ऱ्हवता.”

“आई, तू तरी होतीस ना तेव्हा?”

“मी भितूर. रांडमुंड बाईल लक्ष्मीच्या पुजेत खय बसतली?”

“आणि मी बोरिवलीत बाळंतीण.” उत्तरानं आजूबाजूला पाहिलं. “भटजी?”

“ते वारले,” पद्मजा म्हणाली.

“मग अंगठीनं नाव लिहिताना तांदळाचं ताट धरलं कोणी? कोणीतरी धरलं असेलच ना?”

तिघांचेही डोळे स्वयंपाकघराकडे वळले. विळीचा आवाज थांबला.

“मला नाही बाई आठवत,” सुगंधा आतून म्हणाली. “त्या गडबडीत ताट धरलं असेल, वाचलं कोणी?”

आणि पुन्हा खवू लागली.

*

आठवत नाही कसं! ताट पितळी होतं, काठाला पोचा होता. तांदूळ जुने, आंबेमोहोर. ताटाखाली तिची दोन्ही मनगटं अवघडली होती. श्यामसुंदरच्या बोटातली अंगठी सैल होती, तांदळात फिरताना ती बारीक करकरत होती. आणि त्या करकरीतून जे उमटलं ते फक्त सुगंधानं पाहिलं होतं. ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

तो दीर तिनं वाढवला होता. ती या घरात आली तेव्हा तो हाफपँटमधला, बांगड्याचे काटे काढून दे म्हणणारा. तिच्या हातचं खाऊन मिसरूड फुटलं, शिकला, तेलकंपनीत लागला. मग पद्मजा आली. मॅट्रिक झालेली, हातरुमालावर इंग्रजी अक्षरं भरणारी. सुटीवर तो घरी आला तेव्हा वहिनीला साडीचं कापड आणलं, आईसाठी आणलेल्याच ताग्यातलं. आणि हिला? हिला बहारीनच्या समुद्रातले अस्सल मोती, कुड्या घडवून.

कुड्यांचं वाईट वाटलं, पण ते सरलं. कुड्या कानात असतात, डोळ्याआड करता येतात. आठवड्यापूर्वी तो परवाना आला आणि मधुकरनं मोठ्यानं वाचला, ‘कुंदा’, तेव्हा वाटलेलं मात्र सरेना. समुद्रापलीकडे, इंग्रज साहेबाच्या कागदावर, नवऱ्यानं आपल्या बायकोचं आईबापांनी ठेवलेलं नाव घातलं होतं. तिचा स्वतःचा नवरा तिला ‘अगं’ म्हणे. बाहेर ‘आमच्या घरातून’ म्हणे.

ती खवलेलं खोबरं मुठीत घेऊन पिळू लागली. ओठांत एक ओळ आली. ती तिची तिनंच जुळवली असावी.

‘जावा आम्ही दोघी, एका वेलीच्या गं कळ्या
एकीवरी पडं ऊन, एकीवरी गं सावल्या.’

वर्सोव्याच्या कोळणीनं सकाळीच दिलेले बांगडे ताजे होते. तिनं त्यात तिरफळं टाकली, जरा जास्तच.

*

जेवणं झाली. मधुकर खाटेवर आडवा झाला आणि उत्तरा पानाचा डबा घेऊन त्याच्या उशाशी बसली. लहानपणापासून त्याला बोलतं करायची तिची हीच जागा.

“दादा, खरं सांग. शपथेची भीती आहे का दुसरं काही?”

“दुसरं काय असणार?”

“तुझ्या दंडावरचा वण अजून खाजतो, नाही?”

मधुकरचा हात नकळत बाहीवर गेला. वण होताच. कंपनीच्या माणसानं आधी त्यालाच निवडलं होतं. पासपोर्टचा फोटो झाला, पोलिस येऊन चौकशी करून गेला, देवीही टोचल्या. मग आई दारात आडवी आली. ‘थोरलो घरात व्हयो.’ तो राहिला आणि धाकट्याचं नाव त्यानं स्वतः पुढे केलं. तेव्हा त्यागासारखं वाटलं होतं. शेजाऱ्यांनी कौतुकही केलं. पण कौतुक शिळं होतं आणि समुद्र रोज ताजा असतो. वर्सोव्याला गेला की तो पश्चिमेकडे बघायचा आणि मनात म्हणायचा, त्या बाजूला माझ्या जागी माझा भाऊ उभा आहे.

“मी कधी काही मागितलंय?” तो म्हणाला.

“मागितलं असतंस तर बरं झालं असतं. न मागणारी माणसं फार महाग पडतात रे. श्याम्याला तू पाठवलंस, त्यानं तुला पेन पाठवलं, फिटला हिशेब. त्याच्या बायकोला कशाला अडवतोस?”

“मी अडवत नाही. मी फक्त खोटं बोलत नाही.”

“मोठा हरिश्चंद्र!” उत्तरानं पानावर चुना लावला. “मी आज ठरवून आलेय. त्या पोरीला बोटीवर चढवल्याशिवाय मी बोरिवलीला जात नाही. सुगंधावहिनीला आठवायला लावते की नाही बघ.”

आतल्या दाराशी शेवंतीबाईंनी हे ऐकलं. मुलीचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. तिला विरोध करून उपयोग नसतो, तिला फक्त एखादी बातमी द्यायची.

“चढव गो चढव,” त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. “तिच्या कानातली मोत्यांची कुडां बगलंस मा? श्यामान दिल्यान. असली मोतयां आपल्या सात पिढ्येत कोणी बगूक नाय.”

उत्तराचा चुन्याचा हात थांबला. “श्यामनं मोती आणले? कधी?”

“गेल्या सुटयेत.”

“मला म्हणाला, ताई, मोती फार महाग झालेत, पुढच्या खेपेला बघू.” तिनं पान दुमडलं, तोंडात घातलं आणि बराच वेळ चावत राहिली. मग कोणाकडेच न बघता म्हणाली, “तसं बघितलं तर दादाचंही बरोबरच आहे. कोर्टाच्या भानगडी वाईट. आणि घरातल्या बायकांनी कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या म्हणजे... मी तर कधी बोरिवलीच्या पुढे गेले नाही. माझं काय अडलं?”

पिशवीतला खण आणि नारळ तिनं पायानंच जरा आत सरकवला.

*

शेवंतीबाईंना जिंकल्याचा आनंद झाला नाही. त्यांनी पद्मजाला हाक मारली. ती आली, तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “तो तुका काय म्हणता? घरात?”

पद्मजा पदराचा काठ दुमडत राहिली.

“सांग गो. मी म्हातारी, माका कसली लाज?”

“कुंदा म्हणतात,” पद्मजा म्हणाली. “कोणी नसलं की.”

“पयल्यापासून?”

“पहिल्यापासून.”

म्हातारीचा अडकित्ता मांडीवर पडला. ते नाव त्यांनी पंचांग बघून काढलं होतं, ‘प’ अक्षर आलं म्हणून. गावच्या तळ्यातलं कमळ आठवलं होतं, म्हणून पद्मजा. विधवेला पूजेत बसता येत नाही, ताटात लिहायला हात नाही. पण नाव तर आपलं, असं म्हणत त्या दाराआड बसल्या होत्या, कान देऊन. आणि पोटचा पोर सगळ्यांसमोर ‘हो आई’ म्हणाला आणि पाठ वळताच आईनं दिलेलं नाव उष्ट्या पत्रावळीसारखं बाहेर टाकून आला.

“मगे आता तेका तार कर,” त्या म्हणाल्या. “सांग तेका, माजा नाव पद्मजा. कुंदा मेली. हो परवानो परत घी. कधी तरी पद्मजाचो धाडशीत तेवा येयन.”

“आई, तार गेली की खोली गेली.”

“जांव दी. मी नाय ऱ्हवलंय चाळीस वर्सां एका खोलयेत?”

पद्मजानं मधुकरकडे पाहिलं. तो वाहणा शोधत होता. उत्तराकडे पाहिलं. ती पान चावत होती. सकाळी ही आपली होती, आता नाही. काय घडलं ते पद्मजाला कळलं नाही, पण दंड ठणकायला लागला. स्वयंपाकघराकडे तिनं पाहिलंच नाही. तिथून सकाळीच उत्तर आलं होतं.

“करा तार, भाऊजी,” ती म्हणाली. “लिहा, येत नाही. लिहा, कुंदा म्हणून कोणी नाही. आणि पुन्हा मला त्या नावानं हाक मारू नका म्हणावं. नावच नको ते. त्या नावानं सगळ्या घराची वाट लागली.”

*

मधुकर टेबलाशी बसला. श्यामनं पाठवलेलं पेन त्यानं खिशातून काढलं. इंग्रजी तार म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ, पण आज शब्द जुळेनात. ‘नॉट कमिंग’ लिहिलं. मग ‘नो कुंदा हिअर’ लिहिलं, आणि ते वाचून त्यालाच कसंसं झालं. तरी त्यानं खोडलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा धाकट्याचं काहीतरी त्याच्या हातात होतं. ते हातात असणं किती गोड लागतंय, हे कळून त्याला स्वतःची शिसारी आली, आणि तरीही त्यानं कागदाची घडी घातली.

“रविवारची तार घेतात ना?” उत्तरानं विचारलं.

“जादा आकार पडतो. घेतात.”

तिन्हीसांज झाली होती. सुगंधा देवाजवळ दिवा लावून बाहेर आली. तिच्या हातात तेलाची बुधली तशीच होती. पद्मजा भिंतीला टेकून खाली बसली होती आणि कानातली कुडी काढायचा प्रयत्न करत होती. सुजलेला हात वर जाईना. फिरकी सापडेना.

“कशाला काढतेस?” सुगंधानं विचारलं.

“ज्या नावाला दिल्या ते नावच नाही राहिलं, वहिनी. वन्संना देऊन टाकते.”

उत्तरा खोकली. “मला काय करायच्यात तुझ्या कुड्या!” पण ती उठली नाही.

सुगंधा बघत राहिली. ती इतके दिवस मनात म्हणत होती, हिचं नाव पुसलं जावं, आपलं पुसलं गेलं तसं. आता ते तिच्या डोळ्यांदेखत पुसलं जात होतं. आणि पुसणारी होती हीच पोर, स्वतःच्या तोंडानं. सुगंधाला वाटलं होतं, बरं वाटेल. पण हातातली बुधली जड होत चालली होती.

मधुकरनं वाहणा सरकवल्या. “निघतो. खिडकी बंद होईल.”

“थांबा,” सुगंधा म्हणाली.

“आता काय?”

“तार करू नका. उद्या मला कोर्टात घेऊन चला. मी शपथ घेते.”

“तुला तर आठवत नव्हतं!”

“आठवतं. सगळं आठवतं.”

“सुगंधा,” शेवंतीबाईंनी दटावलं, “घरातला भायर...”

“आई, तुम्ही आत होतात. तुम्ही ऐकलंत, मी पाहिलं.” तिनं बुधली खाली ठेवली. “ताट मी धरलं होतं. श्यामभाऊजींनी अंगठी घेतली आणि आधी लिहिलं, कुंदा. स्वच्छ लिहिलं, अनुस्वारासकट. मला वाटलं चुकले. मी वर पाहिलं तर चुकलेले दिसले नाहीत. हसत होते. एवढ्यात आतून तुम्ही विचारलंत, ‘पद्मजाच लिवलंस मा रे?’ तेव्हा त्यांनी तळव्यानं तांदूळ सारखे केले. हळू, कोणी झोपलेलं उठू नये तसे. आणि त्यावर लिहिलं, पद्मजा. भटजींनी तेवढंच वाचलं.”

मधुकरचा एक पाय वाहणेत होता, एक बाहेर.

“दोन्ही नावं एकाच ताटात, एकाच हातानं, माझ्या डोळ्यांसमोर. साहेब विचारू देत काय विचारायचं ते.”

पद्मजा उठली होती. एक कुडी कानात, एक अर्धी सुटलेली. “वहिनी,” ती म्हणाली, “हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत.”

“नाही सांगितलं.”

“का?”

सुगंधानं नवऱ्याकडे पाहिलं नाही. पुढे होऊन तिनं जावेच्या कानाची सुटलेली फिरकी घट्ट बसवली.

“कारण माझं ताट पण असंच होतं गं,” ती म्हणाली. “तांदूळ तेच, पितळ तेच. ह्यांनी अंगठी टेकवली आणि सरळ सुगंधा लिहून मोकळे झाले. पुसायला काही नव्हतंच.”